आजारपणे १६५, भरती अडीच

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) ग्रामीण भारतातल्या दर १०० माणसांपैकी ६.८ जणांनी मागच्या १५ दिवसांत आजारी पडल्याचे सांगितले. त्याच ग्रामीण भागात, बाळंतपणे वगळून, वर्षभरात दवाखान्यात भरती झालेल्यांचे प्रमाण १०० मागे २.६ होते. पहिला आकडा वर्षावर पसरवला, म्हणजे ३६५ ला १५ ने भागून त्याने गुणले, तर दर १०० माणसांमागे वर्षाला सुमारे १६५ आजारपणे येतात. या हिशेबात एक खोट आहे. रक्तदाब, मधुमेह, दमा असे रेंगाळणारे आजार त्यात दर पंधरवड्याला नव्याने मोजले जातात. म्हणून १६५ ही वरची मर्यादा समजा आणि सरळ निम्मी करा. तरीही एका भरतीमागे तीसच्या वर आजारपणे उरतात. आपल्याकडचा आरोग्य विमा, सरकारी असो की खासगी, त्या एका भरतीचा असतो.

हा फरक एका गावठिकाणावरून पाहू. वारंगा फाटा हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात आहे. अकोल्याहून हिंगोलीमार्गे नांदेडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ आणि नागपूर-तुळजापूर हा ३६१ इथे मिळतात. नांदेड सुमारे ४० किलोमीटर, हिंगोली सुमारे ५०, आखाडा बाळापूर बारा-पंधरा. प्रवासी इथे उतरतो तो बहुधा खिचडीसाठी. इथल्या घरात लेकरू रात्री तापाने फणफणले की सकाळी दोन प्रश्न उभे राहतात. एसटी कोणत्या बाजूची धरायची, आणि आपले कार्ड तिथल्या मुलांच्या डॉक्टरकडे चालते का? दुसऱ्या प्रश्नाला हो किंवा नाही असे उत्तर नसते. कार्ड कोणते, उपचार कोणता, दवाखान्यात खाटा किती आणि तो कोणत्या जिल्ह्याच्या यादीत, हे चार प्रश्न त्याच्या पोटात असतात.

आधी गरज मोजू. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५ होती. २००१ मध्ये ती ९,८७,१६० होती, म्हणजे दहा वर्षांत १९.३ टक्के वाढ. राज्याची वाढ याच काळात १६ टक्के होती. राज्यात शून्य ते सहा वयाची मुले एकूण लोकसंख्येच्या ११.९ टक्के होती. तेच प्रमाण हिंगोलीला लावले तर १ लाख ४० हजार मुले येतात. ग्रामीण जिल्ह्यात लहान मुलांचे प्रमाण सहसा राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त असते आणि हिंगोलीत दर १०० पैकी सुमारे ८५ माणसे खेड्यात राहतात. तेव्हा हा आकडा कमीत कमी म्हणून घ्यावा. २०११ नंतर जनगणना झालेली नसल्याने त्याला पंधरा वर्षांची धूळ आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आता पुरवठा. ग्रामीण आरोग्य सांख्यिकीच्या अहवालानुसार मार्च २०२० मध्ये देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत लागणाऱ्या बालरोगतज्ज्ञांपैकी ७८.२ टक्के कमी होते. मार्च २०२२ मध्ये ही तूट ८१.६ टक्के झाली. पाच खुर्च्यांपैकी चार रिकाम्या, आणि दोन वर्षांत हे चित्र ३.४ टक्केबिंदूंनी बिघडले. त्याच वर्षी स्त्रीरोगतज्ज्ञांची तूट ७४.२ टक्के होती. म्हणजे बाळंतपण करणारा डॉक्टर मिळणे अवघड, आणि जन्मलेल्या बाळाला तपासणारा त्याहून अवघड. महाराष्ट्रात सामुदायिक आरोग्य केंद्राचे काम ग्रामीण रुग्णालय करते. फाट्याला जवळचे ग्रामीण रुग्णालय आखाडा बाळापूरचे. पुढे कळमनुरीचे उपजिल्हा रुग्णालय, त्यापुढे हिंगोली. हिंगोलीत १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले ते २०२४ मध्ये. त्या वर्षी ९ ऑक्टोबरला राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन एकाच वेळी झाले, त्यांतले हे एक.

दक्षिणेकडे नांदेड. विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे नांदेड, हिंगोली, परभणी आणि यवतमाळच्या काही भागाचे शेवटचे सरकारी ठिकाण आहे. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ दरम्यानच्या २४ तासांत तिथे २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळे होती. ४८ तासांचा आकडा ३१ वर गेला, त्यांत १६ बालके. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा चर्चा औषधांच्या तुटवड्याची आणि रिक्त पदांची झाली, ती योग्यच होती. पण शेवटच्या ठिकाणी मृत्यू साचतात तेव्हा वाटेतली ठिकाणे किती भरलेली आणि किती रिकामी होती, हाही आकडा मागायला हवा. ८१.६ टक्के हे त्या वाटेचे वर्णन आहे.

सरकारी कार्डाचा इतिहास फाट्यावरून विशेष विचित्र दिसतो. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. यात नांदेड आहे, हिंगोली नाही. हिंगोलीसह उरलेल्या राज्याला योजना मिळाली २१ नोव्हेंबर २०१३ रोजी. मधले दिवस ५०७. फाट्यावरून नांदेडची वाट धरली की काही किलोमीटरांत जिल्हा बदलतो. या ५०७ दिवसांत त्या हद्दीच्या एका बाजूच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते, दुसऱ्या बाजूच्या कुटुंबाला शून्य. दवाखाना दोघांचाही नांदेडचाच.

१ एप्रिल २०१७ पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ ला केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र चालू लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले आणि शिधापत्रिकेचा रंग कोणताही असो, राज्यातल्या सर्व कुटुंबांना योजनेत घेतले. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून. राज्याच्या योजनेतले उपचार ९९६ होते, ते १,३५६ झाले: ३६० ची, म्हणजे ३६ टक्क्यांची वाढ. २०२५ मध्ये ही यादी २,३९९ पर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. हिंगोलीत या विस्ताराचा अर्थ इतर जिल्ह्यांपेक्षा थोडा वेगळा आहे. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून मोजलेल्या १४ जिल्ह्यांत हिंगोली आहे, आणि या जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी कुटुंब २०२४ च्या आधीपासूनच पात्र होते. नव्याने आत आले ते पांढरे कार्ड असलेले पण सातबारा नसलेले घर: शिक्षक, दुकानदार, गाडीमालक.

तर कार्ड जवळजवळ प्रत्येक घरात असू शकते, रक्कम पाच लाखांची आहे आणि उपचारांची यादी हजारांत आहे. आता लेकराला घेऊन बाह्यरुग्ण खिडकीवर उभे राहा. या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी नाही. केंद्राच्या नियमात भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत, पण ते भरती झाली तरच. ताप, जुलाब, कान फुटणे, खरूज, वजन न वाढणे, खासगीत घ्यायची लस: मुलांच्या डॉक्टरच्या बाकावर जे बसलेले असते त्यातले बहुतेक यादीच्या बाहेर आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे बालरोगतज्ज्ञ सामान्य मानतात. या सहा-आठ फेऱ्यांत पाच लाखांच्या कार्डाचा वाटा शून्य रुपये.

मधला एक प्रकार आणखी त्रासाचा आहे. जुलाब-खोकल्याने गळालेले लेकरू सकाळी दहाला आणले, सलाईन लावले, दुपारी दोन वेळा वाफ दिली, संध्याकाळी सहाला हसायला लागले तशी डॉक्टरांनी सुटी दिली. आई-वडिलांच्या लेखी हे ऍडमिट होणेच आहे: कॉट होती, सलाईन होते, बिल झाले. विम्याच्या लेखी आठ तास झाले, आणि पॉलिसीत भरती म्हणजे किमान २४ तास. काही शस्त्रक्रिया आणि उपचार २४ तासांच्या अटीतून सुटलेले असतात, सलाईन आणि वाफ सहसा त्यांत नसतात. चांगला डॉक्टर मुलाला लवकर घरी पाठवतो. या बाबतीत विमा आणि चांगले वैद्यक यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत.

दवाखान्यांच्या बाजूने बघितले तर दर बोलतात. केंद्राच्या २०२२ च्या पॅकेज यादीत साध्या वॉर्डातल्या औषधोपचाराचा दर दिवसाला २,१०० रुपये आहे, आधी तो १,८०० होता, वाढ १६.७ टक्के. व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाचा दर ३,६०० वरून ८,५०० झाला, वाढ १३६ टक्के. म्हणजे न्यूमोनियाचे लेकरू तीन दिवस साध्या वॉर्डात राहिले तर दवाखान्याला ६,३०० रुपये मिळतात. त्यात खोली, परिचारिका, औषधे, तपासण्या आणि डॉक्टर सगळे आले. याउलट विमा नियामक इर्डाच्या अहवालात २०२३-२४ मध्ये मंजूर झालेल्या आरोग्य दाव्याची सरासरी ३१,०८६ रुपये आहे, त्याच्या आदल्या वर्षी ३०,०८७ होती. दोन आकडे एकाच मापाचे नाहीत: सरासरी दाव्यात हृदयाच्या आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियाही आहेत, आणि ती मुख्यतः मोठ्यांची आहे. पण तालुक्याच्या गावातला दहा-बारा खाटांचा दवाखाना सरकारी यादीत यायला का कचरतो, ते ६,३०० या आकड्यात वाचता येते. वाढ अतिदक्षतेत झाली, आणि अतिदक्षता विभाग शहरात आहे.

खाटा हा शब्द आला आहे तर तिथेच थांबू, कारण सगळा गुंता तिथे आहे. आयुष्मान भारतच्या यादीत यायला सर्वसाधारण दवाखान्याला किमान १० खाटा लागतात. खासगी पॉलिसीत ‘हॉस्पिटल’ची जी प्रमाणित व्याख्या छापलेली असते, तिच्यात दहा लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १० खाटा आणि इतरत्र १५ असे म्हटले आहे. मात्र दवाखाना नर्सिंग होम कायद्याखाली नोंदलेला असेल तर तेवढ्यावर तो व्याख्येत बसतो. महाराष्ट्रात ही नोंदणी १९४९ च्या कायद्याने होते आणि तीन वर्षांनी नव्याने करावी लागते. तिसरा आकडा ‘कॅशलेस एव्हरीवेअर’चा. २५ जानेवारी २०२४ पासून सर्वसाधारण विमा परिषदेने अशी सोय आणली की कंपनीच्या यादीत नसलेल्या दवाखान्यातही पैसे न भरता उपचार घेता यावेत. ठरवून केलेल्या भरतीसाठी ४८ तास आधी कळवायचे, तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत. पण दवाखान्यात किमान १५ खाटा हव्यात.

आता एका बालरोगतज्ज्ञाचा १२ खाटांचा दवाखाना कल्पा, जसा मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात मेडिकलच्या वर पहिल्या मजल्यावर असतो. सरकारी यादीत तो खाटांच्या हिशेबाने येऊ शकतो. खासगी पॉलिसीच्या व्याख्येत बसतो, म्हणजे बिल आधी भरून नंतर परत मागता येते. यादीबाहेरच्या कॅशलेससाठी मात्र तो तीन खाटांनी कमी पडतो. हाच दवाखाना आठ खाटांचा असेल तर नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे की नाही, यावर पूर्ण दाव्याचे भवितव्य लटकते. हिंगोली शहर दहा लाखांच्या आसपासही नाही, पूर्ण जिल्हा अकरा-बारा लाखांचा आहे. तरी ‘कॅशलेस एव्हरीवेअर’ची १५ खाटांची अट मुंबईला आणि आखाडा बाळापूरला एकच. ‘एव्हरीवेअर’ या शब्दाचा अर्थ परिषदेने शहरात बसून ठरवला असावा.

खासगी विम्याचे एकूण चित्रही बघण्यासारखे आहे. २०२२-२३ मध्ये आरोग्य विम्याचा हप्ता ८९,४९२ कोटी रुपये जमा झाला आणि ५५ कोटी लोकांना संरक्षण होते. २०२३-२४ मध्ये हप्ता १,०७,६८१ कोटी झाला, लोक ५७ कोटी. हप्ता २०.३ टक्क्यांनी वाढला, माणसे चार टक्क्यांच्या आसपास. माणशी हप्ता १,६०० च्या थोडा वर होता तो १,९०० ला भिडला. २०२२-२३ च्या ५५ कोटींत सरकारी योजनांमधले ५४ टक्के, नोकरीच्या किंवा संस्थेच्या सामूहिक पॉलिसीतले ३६ टक्के आणि स्वतःच्या खिशातून पॉलिसी घेतलेले १० टक्के. फाट्यावर जो ‘आमच्याकडे प्रायव्हेट विमा आहे’ म्हणतो, तो बहुधा या ३६ टक्क्यांतला असतो: मुलगा पुण्यात कंपनीत, पॉलिसी कंपनीची, बायको-मुले काही महिने गावी. त्याच्या मोबाइलमधल्या ऍपवर जवळचा यादीतला दवाखाना नांदेडचा निघाला, तर आश्चर्य मानू नये.

या घरांसाठी दोन आकडे वेगळे लिहून ठेवण्याजोगे आहेत. पहिला ९१. बऱ्याच फॅमिली पॉलिसींत बाळ ९१व्या दिवसापासून धरले जाते. सर्व कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसीही मुलाला तीन महिन्यांपासून घेते. बाळ भरती होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो पहिल्या २८ दिवसांत. दुसरा आकडा एक आणि तीन. २९ मे २०२४ च्या इर्डाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि सुटीच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला, म्हणजे १८,००० रुपयांच्या मूळ हप्त्यावर ३,२४० रुपये वाचले. त्या पैशात बाह्यरुग्ण खर्चाचे जोड-संरक्षण घ्यावे का, हा विचार शहरातल्या घराला लागू आहे. फाट्यावर घेण्याआधी त्या संरक्षणाच्या यादीत चाळीस किलोमीटरांच्या आत एकही बालरोगतज्ज्ञ आहे का, ते पाहावे.

आता एका फेरीचा हिशेब. डॉक्टरची फी ३०० रुपये आणि औषधे ४०० हे मी गृहीत धरतो, पुढचे दोन आकडे सरकारी आहेत. एसटीच्या साध्या बसचे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढले: सहा किलोमीटरांच्या टप्प्याला ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैसे. नांदेडचे ४० किलोमीटर म्हणजे सात टप्पे, एका बाजूचे सुमारे ७० रुपये. वडिलांचे जाऊन-येऊन १४०. आईला १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट, म्हणून ७०. लेकरू पाच वर्षांच्या आत असेल तर फुकट. भाडे २१०. वडिलांची एक दिवसाची मजुरी रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या दराने ३१२ रुपये. २०२४-२५ मध्ये ती २९७ होती, वाढ ५ टक्के. एकाच वर्षात भाडे पंधरा टक्क्यांनी वाढले आणि मजुरी पाच टक्क्यांनी. फेरीची बेरीज १,२२२ रुपये. अशा वर्षातून आठ फेऱ्या केल्या तर ९,७७६.

या १,२२२ मध्ये डॉक्टरची फी २५ टक्के आहे आणि प्रवास व बुडालेली मजुरी मिळून ४३ टक्के. समजा उद्या विम्याने फी भरायचे मान्य केले, तरी पाऊण खर्च घरावरच राहतो. म्हणून ‘विमा घेणारा डॉक्टर’ शोधण्याआधी ‘जवळचा डॉक्टर’ शोधणे हे फाट्यावरच्या घरासाठी जास्त फायद्याचे आहे, निदान बाह्यरुग्ण आजारात. भरतीची वेळ आली की हिशेब उलटतो. त्याच ७५व्या फेरीत खासगी दवाखान्यातल्या एका भरतीचा सरासरी खर्च ३१,८४५ रुपये होता आणि सरकारी दवाखान्यातल्या भरतीचा ४,४५२. सातपट फरक. तिथे कार्ड काढायचे, आणि त्यासाठी दोनशे रुपयांचे भाडे सोसायचे.

यादी शोधताना दोन चुका इथे वारंवार होतात. योजनेच्या संकेतस्थळावर आधी जिल्हा निवडावा लागतो. फाट्यावरचा माणूस साहजिकच हिंगोली निवडतो, आणि त्याला चाळीस किलोमीटरांवरच्या नांदेडचे दवाखाने दिसत नाहीत. योजना राज्यभर चालते, रहिवासाच्या जिल्ह्यातच उपचार घ्यावा अशी अट नाही. तेव्हा शोध दोन जिल्ह्यांत करावा, आणि दवाखान्याचे नाव सापडले एवढ्यावर न थांबता त्याच्यापुढे बालरोग किंवा नवजात अतिदक्षता ही शाखा लिहिली आहे का, ते पाहावे. हाडांसाठी यादीत असलेला दवाखाना लेकरासाठी यादीत असतोच असे नाही. दुसरी चूक कार्डांची. १४ अंकी ‘आभा’ क्रमांक हा आरोग्याच्या नोंदींचा ओळखक्रमांक आहे, विमा नाही. आयुष्मान कार्ड वेगळे. ‘आभा’चा कागद लॅमिनेट करून आणलेली माणसे दवाखान्यातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलापुढे उभी असतात आणि त्याला दिवसातून कितीदा तरी हेच समजावून सांगावे लागते.

निघण्याआधी फोन करायचा तर ‘तुमच्याकडे विमा चालतो का?’ असे विचारू नका. समोरून ‘चालतो’ एवढेच येईल आणि ते खरेही असेल, कुणाच्या तरी कार्डासाठी. असे विचारा: फुले योजनेत तुमची बालरोग शाखा आहे का, मुलांचे डॉक्टर आज किती वाजेपर्यंत आहेत, भरती लागली तर मंजुरी येईपर्यंत अनामत किती घेता, नर्सिंग होमची नोंदणी चालू आहे का. दरपत्रक दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे, तेव्हा दर विचारायला संकोच नको. सोबत शिधापत्रिका, आई-वडिलांचे आधार आणि बाळाचा जन्मदाखला ठेवा. मुलाचे नाव शिधापत्रिकेवर चढवायचे राहून गेलेले असते आणि ते नेमके भरतीच्या रात्री आठवते. फुले योजनेसाठी १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५, खासगी कंपनीविरुद्ध तक्रारीसाठी १५५२५५.

काही आजारांत मात्र विमा शोधायचीच गरज नसते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शून्य ते १८ वयाच्या मुलांची ३० प्रकारच्या दोष-आजारांसाठी तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. जन्मजात हृदयदोष, दुभंगलेला ओठ, तिरळेपणा यांचे पुढचे उपचार त्यातून मोफत होतात. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर सरकारी दवाखान्यात उपचार आणि वाहतूक विनामूल्य आहे. खासगी पॉलिसीत न बसणारे पहिले ९० दिवस इथे बसतात. विमा कंपनीने सोडलेली जागा सरकारी दवाखान्याने आधीच भरली आहे, फक्त ती दोन वेगवेगळ्या खात्यांच्या कागदांवर असल्याने कुणी शेजारी ठेवून वाचत नाही.

देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. घट २३.२ टक्केबिंदूंची आहे आणि ती खरी आहे. मुलांच्या डॉक्टरचा बाक मात्र अजून बहुतांशी उरलेल्या ३९.४ मध्ये आहे.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सर्व उपचार मोफत आहेत, बाह्यरुग्ण तपासणी धरून. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये त्या निर्णयात नाहीत. म्हणून नांदेडच्या खिडकीवर जे पैसे लागू शकतात ते आखाडा बाळापूरला लागत नाहीत, आणि त्यासाठी कार्ड दाखवावे लागत नाही. तिथे बालरोगतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, एवढे मात्र एसटीत बसण्याआधी फोन करून विचारा.